कुंकवाखालचा मस

माझ्या सासूबाईंचं कुंकू बंद्या रुपयाएवढं होतं. मी लग्न होऊन ठाण्याच्या घरात आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती, रेशनच्या रांगा अजून सरल्या नव्हत्या, आणि आमच्या वयाच्या मुली मसुराच्या दाण्याएवढं कुंकू टेकवून स्वतःला फार सुधारलेल्या समजत होत्या. त्यामुळे ते कपाळ पाहून मला आधी हसू आलं आणि मग धाकच बसला. असल्या कपाळासमोर उलट उत्तर द्यायचं कसं? दिलं, पुढे पुष्कळ दिलं, पण पहिले दोन महिने मी जीभ आवरून होते.

घरात आम्ही चौघं. मामंजी कलेक्टर कचेरीतून पेन्शनीत निघालेले. छातीचं दुखणं होतं त्यांना. जिना चढले की मधल्या पायरीवर थांबायचे आणि भिंतीवरचा रंग तपासतोय असा आव आणायचे. आमचे हे सकाळी डबा घेऊन मुंबईकडे जायचे आणि मी उलट्या दिशेला, कल्याणला. तिथल्या मुलींच्या शाळेत मी शास्त्र शिकवत होते. सगळं ठाणं मुंबईच्या गाडीत कोंबलेलं असायचं आणि माझ्या डब्यात मी, दोन भाजीवाल्या आणि पारसिकच्या बोगद्यातला अंधार. डोंबिवलीला दोन्हीकडे भातशेतं दिसायची. सून मास्तरीण आहे हे सासूबाईंना चारचौघींत सांगायला आवडायचं आणि घरात ऐकवायलाही आवडायचं. "शास्त्र शिकवतेस ना, मग आमटी का उतू गेली?" असं.

सासूबाईंना कुंकवाशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. न्हाणीघरातून त्या पदर कपाळावर ओढूनच निघायच्या, तडक माजघरात जायच्या, दार लोटून घ्यायच्या. आत आरसा, मेणाची डबी आणि कुंकवाची कोयरी. मेणाचा गोल, त्यावर कुंकू, पुन्हा मेण, पुन्हा कुंकू. एवढ्या वेळात माझ्या दोन वेण्या घालून, चहा पिऊन व्हायचा. आणि हळदीकुंकवाला कुठे गेल्या तर यजमानणीला बोट कपाळाला लावू द्यायच्या नाहीत. स्वतःच्या बोटावर कुंकू घेऊन स्वतःच टेकवायच्या. आळीतल्या बायका म्हणायच्या, बाईंना मोठा मान हवा! मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

माझी पहिली संक्रांत आली. काळी चंद्रकळा, अंगावर हलव्याचे दागिने, घरभर बायका. मी एकेकीला हळदीकुंकू लावत, तिळगूळ देत फिरत होते. शेवटी सासूबाईंपुढे आले. त्यांनी सवयीनं बोट पुढे केलं. मला आला राग. म्हटलं, आज माझा सण, सगळ्या आळीच्या कपाळाला माझं बोट चालतं आणि ह्यांना नाही? "आज मीच लावणार हं, आई," असं म्हणून मी चिमूट त्यांच्या कपाळावर दाबलीसुद्धा.

बोटाखाली काहीतरी टणक लागलं. खरखरीत, उंचवटा असलेलं, कडा हाताला कळेल असं. मेण नव्हतं ते, मेण दबतं. सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं की हलव्याची बांगडी तुटून दाणे जमिनीवर सांडले. बायका हसल्या, नव्या नवरीची धांदल म्हणाल्या. सासूबाईही हसल्या. पण त्यांची बोटं माझ्या मनगटावर थंडगार पडली होती.

बायका गेल्यावर स्वयंपाकघरात मी विचारलं, "आई, कपाळावर काय आहे?"

"कपाळात असतं ते कपाळावर आलंय," त्या म्हणाल्या आणि भांडी आपटायला लागल्या.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या पाटावर बसल्या आणि बोलल्या. सहा वर्षं झाली होती. आधी तिळाएवढं, मग डाळीएवढं, आता चिंचोक्याएवढं. काळं. ते वाढेल तसं कुंकू वाढत गेलं होतं.

"कुणाला दाखवलंत?"

"माझ्या थोरल्या बहिणीनं दाखवलं होतं," त्या म्हणाल्या. कोकणात, माहेरच्या गावी, त्या बहिणीच्या टाचेवर काळा डाग उठला होता. काटा रुतला असेल म्हणून वर्षभर दुर्लक्ष झालं. मग वैदूला दाखवलं. त्यानं बिब्ब्याचं तेल लावून तो जाळला. डाग चिघळला, जांघेत गाठ आली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत बाई गेली. चार पोरं मागे. "हात लावला नसता तर जगली असती," सासूबाई म्हणाल्या. "काळ्या डागाला डिवचू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण आई, ते तसलंच असलं तर..."

"असलं तर असलं. सवाष्ण जाईन, ह्यांच्या आधी. वाईट काय त्यात?"

हे त्या इतक्या सरळ म्हणाल्या की मला रडूच आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, मामंजींना सांगते आत्ता. तेव्हा मात्र त्या घाबरल्या. "त्यांची छाती नाजूक आहे. त्यांना कळलं तर ते माझ्याआधी जातील. घे शपथ, त्यांना सांगणार नाहीस." मी शपथ घेतली. मामंजींना सांगणार नाही, एवढीच घेतली हं! डॉक्टरांबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या, आणि मी आठवण करून दिली नाही.

कल्याणला शाळेच्या वाटेवर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. लढाईच्या काळात लष्करी इस्पितळात नोकरी केलेले, पन्नाशीचे, तुटक बोलणारे. खरूज, नायटे, गजकर्ण असल्या गोष्टींसाठी लांबलांबून लोक त्यांच्याकडे यायचे. एका मधल्या सुट्टीत मी तिथे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न पाहता सांगायला मी ज्योतिषी नाही."

"नुसतं पाहून कळतं?"

"नुसत्या डोळ्यांनी पुष्कळदा नाही. ह्यातून कधीकधी कळतं." त्यांनी खणातून वीतभर लांबीची पितळी नळी काढली. आत भिंगं. लष्करातला एक गोरा डॉक्टर मायदेशी परतताना ती त्यांना देऊन गेला होता. माझ्या मनगटावर एक तीळ आहे. त्यावर त्यांनी तेलाचा थेंब सोडला, वर काचेची पट्टी दाबली, नळी टेकवली आणि म्हणाले, "बघा, मास्तरीणबाई."

मी डोळा लावला. अगं बाई! जन्मापासून अंगावर असलेला तीळ, आणि त्यात तपकिरी रेघांची बारीक जाळी! चाळणीसारखी, एकसारखी, कडेला विरत गेलेली. तेलानं कातडीवरची चमक जाते, म्हणून आतलं दिसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. जाळी अशी नीट असली की तीळ भला. जाळी तुटकी, कडा ओबडधोबड, काळा-निळा-लाल रंग एकमेकांत सांडल्यासारखे दिसले की ते रोग्याला सरळ मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवत. आणि म्हातारपणी येतात त्या मसांची तऱ्हा निराळी. ते कातडीवर मेण सांडून गोठल्यासारखे वरवर बसलेले असतात. त्यांत जाळी नसते, खड्डे असतात, आणि मधेमधे खसखशीसारखे पांढरे दाणे. "तसलं दिसलं तर सासूबाईंना म्हणावं, शंभर वर्षं जगा आणि सुनेला छळा."

"आणि त्यांच्या बहिणीचं?"

"टाचेवरचा काळा डाग, जांघेत गाठ." डॉक्टरांनी मान हलवली. "ते जात्याच वाईट होतं, बाई. बिब्ब्यानं वेदना वाढवल्या असतील, पण मारलं त्या डागानं. लवकर दाखवायला हवं होतं."

हे सगळं मी घरी जाऊन सांगायला हवं होतं. पण मी कुठली सांगते! मला वाटलं, सांगितलं तर बाई उंबरा ओलांडायच्या नाहीत. म्हणून मी उंटावरच्या शहाण्यासारखी एक युक्ती काढली. शाळेचं संमेलन होतं. सासूबाईंना नाटकं फार आवडायची. त्यांना म्हटलं, चला, मुलींचं नाटक बघू. त्या जरीकाठी लुगडं नेसून आल्या. नाटक पाहिलं, एका मुलीची दाढी गळून पडली तेव्हा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. परतताना मी म्हटलं, माझ्या हाताला खाज येतेय, वाटेत जरा दाखवून जाऊ.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या हाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नळी घेऊन ते सरळ सासूबाईंसमोर बसले. सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हे काय आहे?"

"दुर्बीण समजा," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या कपाळाला काय ग्रहण लागलंय, दुर्बीण लावून बघायला?"

पण चारचौघांत तमाशा नको म्हणून त्या बसून राहिल्या. डॉक्टरांनी कुंकवावरून नळी लावून पाहिली. "लाल चिखल आहे नुसता. काही दिसत नाही," म्हणाले, आणि कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या दृष्टीनं ते कपाळावरचा मळ पुसण्याइतकं साधं होतं. सासूबाई अशा उठल्या की स्टूल कलंडलं.

"माझा नवरा तिकडे छाती धरून बसलाय आणि तुम्ही माझं कुंकू पुसताय?"

बाहेर बाकावर बसलेले लोक आत डोकावले. मी म्हटलं, "आई, अहो, पुन्हा लावता येतं." तोंडातून शब्द गेला आणि मला कळलं की हे बोलायला नको होतं. सासूबाई तडक रस्त्यावर गेल्या. मी मागे धावले. ठाण्यापर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "नाटक चांगलं होतं. तुझं त्याहून चांगलं."

त्यानंतर तीन आठवडे आमच्यात अबोला. म्हणजे कसा, तर त्या भिंतीशी बोलायच्या. "कुणाला भूक असेल तर पोळ्या झाल्यात." मीही भिंतीला उत्तर द्यायचे. मामंजी बिचारे आमच्या दोघींच्या मधे बसून वर्तमानपत्र वाचायचे आणि पान उलटताना उगीच खाकरायचे. मला वाटायचं, ह्या माणसाला घरात काय चाललंय त्याचा पत्ता नाही. कित्येकदा शपथ मोडावीशी वाटली. शाळेत फळ्यावर पानाची आकृती काढताना शिरांची जाळी काढायला घेतली की माझा हात थांबायचा.

आणि तिकडे ते कुंकू वाढतच होतं. मला आता दुसरं काही दिसेना. भिंतीशी बोलताना माझी नजर त्यांच्या कपाळावरच. एकदा कुंकू एका बाजूला सरकून खालची काळी रेघ डोकावलेली मी पाहिली. पुढच्या सकाळी कुंकू तेवढ्यानं रुंद झालं होतं.

त्याच संध्याकाळी मी तांदूळ निवडत बसले होते. सासूबाई येऊन समोर बसल्या, ताटातला एक खडा उचलला आणि, भिंतीशी नाही, माझ्याशी बोलल्या.

"त्या डॉक्टरनं बहिणीबद्दल काय सांगितलं?"

डॉक्टरांना मी बहिणीचं सांगितलंय हे मी कधी बोलले नव्हते. पण बाई माझ्याहून हुशार होत्या. ज्यानं कपाळ बघायला मागितलं त्याला हिनं सगळं सांगितलेलं असणार हे त्यांनी ताडलं होतं. मी खरं ते सांगितलं. डिवचल्यानं नाही, डाग मुळातच वाईट होता म्हणून त्या गेल्या. आणि लवकर दाखवायला हवा होता. सासूबाई बराच वेळ तांदळांत बोट फिरवत राहिल्या. "तिला मीच म्हटलं होतं, वैदूकडे जा," त्या म्हणाल्या. "मीच नेलं होतं." आणि रडल्या. इतकी वर्षं ते ओझं त्या एकट्या वाहत होत्या. मी तांदळाचं ताट बाजूला सारून त्यांना धरलं, आणि आमचा अबोला तिथेच संपला.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "हे बघ. न्हाताना कुंकू आपसूक उतरतं. ते पुसणं नव्हे. न्हाणं आणि लावणं ह्यांच्या मधला जो वेळ आहे, तेवढा माझा. त्यात काय बघायचं ते बघू दे तुझ्या डॉक्टरला. पण त्यानं इथे यायचं. आणि ह्यांनी घरात असता कामा नये. ह्यांच्यासमोर मी मोकळ्या कपाळानं उभी राहणार नाही."

तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात बाईंनी शास्त्रातली ती फट शोधून काढली होती आणि मी, शास्त्र शिकवणारी, कापूस आणि स्पिरिटपाशी अडले होते! डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले. रविवारी सकाळी येतो म्हणाले.

रविवारी आमचे हे सहकाऱ्याच्या लग्नाला गेले. मामंजींना आम्ही वाचनालयात पिटाळलं. त्यांना जायचं नव्हतं. "आज एवढी घाई कसली?" म्हणत दोनदा चष्मा विसरले, दोनदा परत आले. शेवटी निघाले. डॉक्टर मागच्या दाराशी पडवीत येऊन बसले, कारण सकाळचं ऊन तिथेच यायचं. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते, मॅट्रिकच्या निकालालासुद्धा नाही. मनात म्हणत होते, देवा, खड्डे असू देत, जाळी नको.

सासूबाई बाहेर आल्या. ओले केस, कपाळावर पदर. पाटावर बसल्या आणि पदर मागे सारला.

मोकळं कपाळ. मी त्या बाईला पहिल्यांदा पाहतेय असं वाटलं. कपाळाच्या मधोमध काळपट तपकिरी, चिंचोक्याएवढा डाग, आणि भोवती वर्षानुवर्षं ऊन न लागलेल्या गोऱ्या कातडीचं गोल कडं. डॉक्टरांनी खिशातून तेलाची बाटली काढली.

"कसलं तेल?" सासूबाई.

"पॅराफिन."

"घरचं खोबरेल आहे. ते लावा."

त्यांनी खोबरेल लावलं. मला म्हणाले, आरसा धरा, ऊन कपाळावर पाडा. मी माजघरातला आरसा आणून धरला. उन्हाचा तुकडा सासूबाईंच्या कपाळावरून पडवीच्या छतावर उड्या मारत होता. "मास्तरीणबाई, हात!" डॉक्टर ओरडले. मी कोपर गुडघ्यावर टेकलं.

ते बघत राहिले. नळी जरा सरकवली, पुन्हा बघितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "लाल ठिपके आहेत," ते हळूच म्हणाले. लाल, काळा, तपकिरी, सांडलेले रंग. त्यांनी हे सांगितलं होतं ना? सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

डॉक्टरांनी काच काढली. बोथट सुईचं टोक एका लाल ठिपक्यावर टेकवून हलकेच वर उचललं आणि ते स्वतःच्या नखावर ठेवून उन्हात धरलं. मग वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या तुटक माणसाचा चेहरा फुलला.

"कुंकू आहे!"

"काय?"

"कुंकू आणि मेण. खड्ड्यांत जाऊन बसलंय, सहा वर्षांचं. अहो, खड्डे आहेत ह्याला! पुष्कळ आहेत. आणि मधे पांढरे दाणे. कडा बघा, सरळ, वरवर बसलेल्या. हा मस आहे, म्हाताऱ्या माणसांना येतो तसला. ह्यानं कुणी मरत नाही. कुंकू भरलं नसतं तर खड्डे एवढे उठून दिसलेही नसते."

मी आरसा खाली ठेवला आणि हसू की रडू ते मला कळेना. सासूबाईंनी डोळे उघडले. "नक्की?"

"मला शंका असती तर तुम्हाला आजच मुंबईला पाठवलं असतं. सहा महिन्यांनी पुन्हा बघतो. त्रास झाला तर काढू, नाहीतर राहू दे."

"मग सहा वर्षं मी..." एवढं म्हणून त्या थांबल्या. मग भानावर येऊन म्हणाल्या, "अगं, कोयरी आण. आधी कुंकू लावू दे."

मी उठले आणि वळले, तर दारात मामंजी. वाचनालयात गेलेच नव्हते. कोपऱ्यावरून परत आले होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. एका हातानं चौकट धरली होती. सासूबाईंनी झटक्यात पदर कपाळावर ओढला.

"राहू दे," मामंजी म्हणाले. "मी पाहिलंय ते."

"आत्ता पाहिलंत, तिथून?"

"चार वर्षांपूर्वी. तुला हिवताप आला होता. तू ग्लानीत होतीस, मी पट्ट्या ठेवत होतो. पट्टीबरोबर कुंकू उतरलं." त्यांनी श्वास घेतला. "तू जागी व्हायच्या आत मीच परत लावलं. जमलं नाही नीट."

"वाकडं लागलं होतं!" सासूबाई म्हणाल्या. "मेणाचे नुसते गोळे. मी शेजारणीला बोल लावला होता!"

"ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

मामंजी पडवीत आले, डॉक्टरांच्या रिकाम्या झालेल्या स्टुलावर बसले. "तू लपवत होतीस. मी म्हटलं, हिला कळलेलं दिसतंय की हे वाईट आहे. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस." ते जमिनीकडे बघत होते. "मला ते ऐकायचं नव्हतं."

घरात अळीमिळी गुपचिळी, आणि मी शहाणी समजत होते की ह्यांना कसला पत्ता नाही! सासूबाईंचा राग मात्र असा उसळला की काय सांगू. "चार वर्षं! चार वर्षं मी एकटी घाबरतेय असं मला वाटू दिलंत? रोज देवापुढे बसून सांगायचे, मला ने पण ह्यांना कळू देऊ नकोस. आणि तुम्ही तिकडे वर्तमानपत्र वाचत बसलात?"

"वाचत नव्हतो गं," मामंजी म्हणाले. "नुसतं धरत होतो."

डॉक्टर नळी पुसून पिशवीत ठेवायला लागले. मामंजींनी हात पुढे केला. "डॉक्टर, मला दिसेल का त्यातून?"

डॉक्टरांनी नळी त्यांच्या हातात दिली, कशी धरायची ते दाखवलं आणि स्वतः अंगणाकडे तोंड करून उभे राहिले. मी आरसा उचलला आणि ऊन धरलं. सासूबाईंचा हात पदरावर तसाच होता. मामंजींनी तो धरून खाली घेतला. सुनेदेखत त्यांनी बायकोचा हात धरलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"अहो, काय हे? सगळी आहेत इथे."

मामंजींनी वाकून डोळा लावला. ते बघत राहिले. शेजारच्या घरात कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज. माझं कोपर अवघडलं, पण मी हलले नाही.

"किती वेळ ते?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "कपाळ मोकळं आहे माझं."

"असू दे," मामंजी नळीवरचा डोळा न काढता म्हणाले. "थांब जरा. चार वर्षं मी इकडे बघायचं टाळलंय."

सासूबाईंनी मान आणखी थोडी वर केली, आणि थांबल्या.